घाटातला आवाज आणि घरातला

मामांच्या नंबरवरून फोन वाजला तेव्हाच मला कळलं. उचलायच्याही आधी. घशाच्या ऑपरेशननंतर मामांनी कधी कुणाला फोन केला नव्हता. त्यांचे यायचे ते मेसेज, तेही तुटक, काना-मात्रा सोडून दिलेले. त्यामुळे स्क्रीनवर ‘दत्तूमामा’ असं नाव उमटून फोन वाजतोय, वाजतोय... म्हणजे तो त्यांच्या हातात नाही. मी पुण्यातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. आमचं काम यंत्राला बोलायला शिकवण्याचं. समोरच्या स्पीकरमधून आम्ही तयार केलेल्या एका बाईचा आवाज कुठल्याशा ग्राहकाची अदबीनं समजूत काढत होता, आणि तो पुरेसा नैसर्गिक वाटतो का, यावर आम्ही वाद घालत होतो. मी बाहेर पॅसेजमध्ये आले. पलीकडून शालनमामी म्हणाली, “सकाळी चहा दिला, अर्धा पिला त्यांनी. मी गोठ्यात गेले आन् आले तर...”   काचेच्या दारातून आत त्या बाईचा आवाज चालूच होता.

त्याला आता काही आठवडे झाले. मी कामावर जाते, परत येते, पण कशातच मन थाऱ्यावर नाही. लिहून काढलं तर बरं वाटेल, असं आई म्हणाली. आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. राजुरीची लेक, महाळुंगे पडवळला दिलेली. बरं वाटेल की नाही ते माहीत नाही, पण मामांचं जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, असं मात्र फार वाटतं आहे.

जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या माणसाला दत्तूमामा कोण, हे सांगावं लागायचं नाही. यात्रेच्या दिवसांत डोंगराच्या उतारावर गाडे पळवायचा जो घाट सजतो, तिथं मचाणासारख्या उंच माचीवर माईक घेऊन उभे असायचे ते मामा. बाकी वर्षभर कांदा आणि गोठा. चैत्र लागला की गळ्यात उपरणं आणि हातात माईक. गाडा सुटायच्या आधी मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं असं सगळं ते कागदाशिवाय घ्यायचे, आणि गाडा सुटला की त्यांचा आवाज बैलांच्या बरोबरीनं चढ चढायचा. लहानपणी मला वाटायचं, मामा थांबले तर बैलही थांबतील. त्यांचा एक नेम होता: हरलेल्या गाड्यावर कधी विनोद करायचा नाही. एखादी जोडी मधेच बुजली, फाकली, तर ते फक्त म्हणायचे, “घाट इथंच हाय पावणं, फुडच्या वर्षी या.” लोक हसायचे, पण मालक मान खाली घालून जायचा नाही.

घसा बसायला लागला तेव्हा यात्रांचा हंगाम आहे म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. हंगाम संपला, पावसाळा गेला, घसा काही सुटेना. तंबाखू होतीच. पुण्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. मामांनी एकच विचारलं, “काढल्यावर जगंल ना माणूस?” डॉक्टर हो म्हणाले. “मग काढा,” असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले. ते हसणं बघून मीच बाहेर जाऊन रडले. मामांच्या गळ्याला श्वासासाठी एक छिद्र राहिलं, आणि हनुवटीखाली दाबून धरलं की घरघरत बोलणारं एक छोटं यंत्र हातात आलं. त्यातून शब्द कळायचे, पण सगळे एका पट्टीत, चढ नाही, उतार नाही. मामांनी ते दोनदा लावून बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. मला मेसेज केला, ‘पिठाची गिरण बोलतीय असं वाटतं’.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. शर्यतींचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगानं पडलेले असतात. ते गोळा केले, शिट्ट्या, हलगी, लोकांचा गलका बाजूला काढला, आणि मामांचा आवाज यंत्राला शिकवला. मामांनी फोनवर टाईप करायचं, फोननं त्यांच्या आवाजात बोलायचं. राजुरीला जाऊन ते सुरू केलं त्या दुपारी ओसरीवर सगळे जमले होते. काय लिहावं ते मामांना सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘चहात साखर कमी हाय’. आणि फोनमधून ते असं काही गरजलं, की जणू अंतिम फेरीचा गाडा सुटला. आम्ही हसून लोटपोट. मामांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. मामी हसली, आत गेली आणि साखर घेऊन आली.

पण पुढच्या खेपेला गेले तर फोन टीव्हीशेजारी पडलेला. मामी भाकरी करत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती तव्याकडे बघत म्हणाली, “लई चांगलं केलंस तू. पण ते घाटातले हायेत. घरातले न्हाईत.”

“म्हणजे?”

“घरात ते असं कुठं बोलायचे? हळू बोलायचे. मला हाक मारायची तर नाव पण घ्यायचे न्हाईत. नुसतं ‘आगं’ म्हणायचे... आन् ते मला गोठ्यातबी ऐकू यायचं.”

मी आवाजाची पट्टी खाली आणली, वेग कमी केला, काय काय करून बघितलं. मामीनं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “हा कोण?” मग मी मामांचा हळू आवाज शोधायला लागले. घरातले सगळे फोन, लग्नाच्या कॅसेटी, बारशांचे व्हिडिओ पालथे घातले. सगळीकडे दुसरंच कुणीतरी बोलतं आहे आणि मामा कडेला उभे. हजारो लोकांनी त्यांचा आवाज साठवून ठेवला होता, पण जो आवाज रोज घरात होता तो साठवावा असं कुणाला वाटलंच नव्हतं. का वाटेल? घरातलं माणूस बोलतं, तेव्हा आपण जेवत असतो.

त्याच्या पुढच्या चैत्रात मी आणि मामा आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या घाटाला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती. निघताना मामीनं ते घरघरणारं यंत्र मामांच्या खिशात घातलं. रस्त्यात काही अडलं-नडलं तर असू द्या, म्हणाली. आम्ही मांडवाच्या कडेला सावलीत बसलो. ऊन मी म्हणत होतं. आणि भोंग्यातून मामांचा आवाज आला.

मी आधी फोनकडे बघितलं. फोन मामांच्या मांडीवर बंद होता. लोकांना यात्रेला बोलावण्यासाठी मामांनी कमिटीला फोनमधल्या त्या आवाजात आमंत्रणाचे चार शब्द आधी पाठवले होते. कुणीतरी तेवढाच तुकडा एका वेबसाईटवर टाकून स्वतःचे ‘दत्तूमामा’ तयार केले होते. आवाज उचलायला आता तेवढं पुरतं. माचीवर एक लॅपटॉप, दोघं-तिघं तरुण वाक्यं लिहिताहेत, आणि मामा गाडे सोडताहेत. लोक खूश होते. कुणी कुणी आमच्याकडे बघून हात जोडत होते. मामांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी म्हणाले, “मामा, जाऊया का आपण?” त्यांनी मान हलवली, नाही.

मग एका म्हाताऱ्या मालकाची जोडी निम्म्या चढावर बुजली. एक बैल खालीच बसला. म्हातारा धावत त्याच्याकडे गेला, त्याच्या कपाळावरून हात फिरवू लागला. आणि भोंग्यातून मामांचा आवाज म्हणाला, “बैल आणलेत का म्हशी, पावणं? जावा, दूध काढा घरी.” सगळा घाट हसला. म्हाताऱ्यानं मान वर करून माचीकडे बघितलं. माचीवर मामा नव्हते. मग त्याची नजर लोकांवरून फिरत फिरत आमच्यावर आली आणि थांबली. वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं ती. त्या नजरेत राग नव्हता... दत्ता, तूसुद्धा, एवढंच होतं.

मामा उठले. मी मागं मागं. माचीची शिडी ते सावकाश चढले, गळ्याच्या छिद्राशी रुमाल धरून. तरुणांपैकी एक जण उठून उभा राहिला, “या मामा, तुमचाच आवाज लावलाय,” म्हणाला, मनापासून म्हणाला. मामांनी एका हातात माईक घेतला. दुसऱ्या हातानं खिशातलं यंत्र काढलं आणि हनुवटीखाली दाबलं. भोंग्यांतून एक घरघर निघाली. बैलांनी कान टवकारले. कुणीतरी फिसकन हसलं.

“मी दत्तू. राजुरीचा,” ती घरघर म्हणाली. “मगाशी बोलला तो मी न्हवं. पावणं, माफ करा. घाट इथंच हाय. फुडच्या वर्षी या.”

 म्हाताऱ्यानं खालूनच हात वर केला. मामांनी लॅपटॉपचं झाकण लावलं, जोरात नाही, अगदी हलक्या हातानं, आणि पुढच्या मालकाचं नाव घेतलं. त्या दुपारी शेवटच्या गाड्यापर्यंत ते त्याच घरघरीत बोलत राहिले. त्यात ना चढ होता ना उतार. गाडा सुटला की त्यांना आरोळी देता येत नव्हती. मग ती लोकच द्यायला लागले. ते नाव घ्यायचे, आणि आरोळी उतारावरच्या माणसांतून उठायची. मी माचीच्या कोपऱ्यात उभी होते. अभिमान वाटत होता, आणि नजर राहून राहून त्या मिटलेल्या लॅपटॉपकडे जात होती. आमच्या ऑफिसात आवाजांना नैसर्गिकपणाचे गुण देतात. ती घरघर आमच्याकडे तळाला गेली असती आणि लॅपटॉपमधला तो आवाज सगळ्यांत वर. मग गेली इतकी वर्षं मी मोजते आहे ते नेमकं काय?

परतताना जीपमध्ये मी विचारलं, “मामा, तो आवाज काढून टाकू का?” त्यांनी बराच वेळ घेऊन टाईप केलं आणि बोलायचं बटण न दाबता फोन माझ्यापुढं धरला. ‘राहूदे. आमंत्रण वाचाया चांगला हाय. माणसाशी बोलाया नको’. त्यानंतर ते यंत्र कपाटात गेलं नाही. पुढचे दोन हंगाम मामा त्याच घरघरीत घाटांवर बोलले. नवी पोरं आधी हसायची, मग ऐकायची. दुखणं फुफ्फुसात परत आलं तेव्हा त्यांनी पुण्याला यायला साफ नकार दिला. मी राजुरीला दोन-तीनदा जाऊन आले. बोललो ते साधंच: कांद्याचं, आईच्या गुडघ्यांचं, माझ्या नोकरीचं. ‘तुझं यंत्र रुसतं का गं’, असं मामांनी एकदा लिहून विचारलं होतं. मी नाही म्हणाले. ‘मग माणसापासून अजून लांब हाय’, त्यांनी लिहिलं आणि डोळे मिटून पडले.

तेराव्यानंतर त्याच कमिटीचे अध्यक्ष घरी आले. बरोबर आणखी दोघं. पुढच्या यात्रेला मामांच्या आवाजात गाडे सोडायचे, श्रद्धांजली म्हणून, आणि या वेळी रीतसर विचारून, असं त्यांचं म्हणणं होतं. वाक्यं आम्ही आधी दाखवू, म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मामीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या दिशी तुमी माचीवर व्हता ना, भाऊ?”

“व्हतो, वहिनी.”

“मग मला कशाला इचारता?”

चहा पिऊन ते गेले. जाताना अध्यक्षांनी मामांच्या फोटोला हात जोडले आणि दारात थोडे रेंगाळले, पण पुन्हा विषय काढला नाही.

पुण्याला परत आल्यावर मी तो आवाज खोडला. खोडलं, असं स्क्रीनवर आलं. पण मला माझं काम माहीत आहे. कुठल्या तरी सर्व्हरवर त्याची प्रत असेल, त्या वेबसाईटकडे तो तुकडा असेलच, कुणाच्या तरी लॅपटॉपमध्येही असेल. उद्या कुठल्या तरी घाटावर मामा पुन्हा काहीतरी बोलतील, आणि ‘मगाशी बोलला तो मी न्हवं’ असं सांगायला कुणी शिडी चढून येणार नाही. हे मनात येतं आणि मी कामातून उठते, खिडकीशी जाते, परत येऊन बसते.

गेल्या रविवारी राजुरीला गेले होते. मामी ओसरीवर शेंगा फोडत काहीतरी सांगत होती, आणि मी हुंकार देत ऑफिसच्या मेसेजला उत्तर लिहीत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती थांबली आहे. वर बघितलं तर हातातली शेंग तशीच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. रागानं नव्हे, नुसती वाट बघत. मग आठवलं. आवाज गेल्यावर मामा घरात नुसते ओठ हलवून बोलायचे, आणि समोरच्याची नजर वळेपर्यंत ओठ हलवायचेच नाहीत. भाकरी थापता थापता मामीला मान वळवावी लागायची, मामांच्या मुलाला टीव्ही सोडून बघावं लागायचं. त्या घराला ती सवयच पडून गेली. तिथं कुणी तोंडाकडे बघितल्याशिवाय बोलत नाही आणि बघितल्याशिवाय ऐकत नाही.

मी फोन पालथा ठेवला आणि मामीकडे वळून बसले.

“हां,” ती म्हणाली, शेंग फोडली, आणि मधेच सोडलेलं पुढं सांगायला लागली.