जर्मनच्या होडीची पालखी

गुणाजीभावजींबद्दल वाईट बोलायचा हक्क चाळीत कुणाला असेल तर तो मला. भिंतीला भिंत लागून माझी खोली. त्यांच्या ठोकाठोकीने माझ्या मांडणीवरचे डबे नाचले, त्यांच्या होडीपायी माझी कपड्यांची दोरी गेली, त्यांच्या इंजिनाने माझे वर्षाचे पापड भिजवले. तेव्हा मी बोलणार. दुसऱ्या कुणी बोललेलं मात्र मला खपत नाही.

आमची चाळ जोगेश्वरी पूर्वेला, टेकडीच्या अंगाला. इथून समुद्रावर जायचं तर आधी रेल्वे ओलांडा, मग एस. व्ही. रोड, मग आंबोली, सात बंगले आणि तेव्हा कुठे वर्सोवा. अशा ठिकाणी माणूस सायकल आणेल, फार तर बकरी आणेल. आमच्या भावजींनी मोटरबोट आणली.

तसा माणूस गरीब. राजापूरकडचा, परळच्या मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचा. ब्याऐंशीचा संप झाला आणि मिलचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला तो झालाच. घरी बसले. बसले म्हणजे काय, ओट्यावर पाय सोडून समोरच्या भिंतीकडे बघत. कुणी हाक मारली की "हां" म्हणायचे आणि पुन्हा भिंत. त्यांची बायको रत्नप्रभा, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिने सरळ खानावळ काढली. मरोळच्या कारखान्यांतली एकटीदुकटी पोरं तिच्याकडे जेवायला लागली. तेव्हापासून ती बाई स्टोव्हपुढून उठलेली मी पाहिली नाही. भाकरी थापताना जेवायची. मी म्हणायची, "अगं, टेक जरा." तर म्हणायची, "टेकले की करपतं गं."

पुढे भावजींना मरोळलाच एका शेडवर दरवानाची नोकरी लागली. त्या शेडच्या मागे भंगारात ही होडी पडलेली. कुणा साहेबाने पवईच्या तलावात फिरायला परदेशातून आणवली होती म्हणे, पन्नासच्या सुमाराला. साहेब गेला, होडी राहिली. अख्खी अ‍ॅल्युमिनियमची. आम्ही त्याला जर्मन म्हणतो, जर्मनची पातेली असतात ना, तेच. तर ही जर्मनची होडी, तिच्यात एरंडाचं झाड उगवलेलं आणि कुत्री व्यालेली. शेठ म्हणाला, जागा अडते, उचला. भावजींनी उचलली. अंबादासच्या टेम्पोत घालून गल्लीच्या तोंडापर्यंत आणली आणि तिथून चार जणांनी टेकडीवर फरफटत चढवली. कुत्रीसकट.

"भावजी, अहो हे काय?" मी विचारलं.

"होडी," ते म्हणाले. जसं काही मला दिसत नव्हतं!

सगळी चाळ नळावर जमून हसत होती. कुणी म्हणालं, गुणाजी आता टेकडीवर मासे धरणार. रत्नप्रभा हंडा घेऊन उभी होती. भावजींनी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त तिच्याकडे पाहिलं. "रत्ना, एकदा तुका ह्याच्यात बसवन फिरवतलंय. तू काय एक करूक नको. नुसता बसायचा."

"बसायला दर्यावर कशाला जायला हवं?" ती म्हणाली. "इथे ओट्यावर बसते की, बसू द्याल तर." आणि हंडा उचलून गेली. पण मी तिच्या शेजारी होते. तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्या माणसाला एवढंच हवं होतं. आयुष्यात काही दिलं नाही बायकोला, एक दुपार द्यायची. हे बाकी कुणाला कळलं नाही. मला कळलं, म्हणून माझ्या कपड्यांच्या दोरीबद्दल मी फक्त तीन-चारदाच भांडले.

मग सुरू झाला धिंगाणा. होडी गळते कुठे ते बघायला आत पाणी भरायचं आणि बाहेर जिथे थेंब येईल तिथे खडूने खूण करायची. भावजींनी सकाळचं नळाचं पाणी सोडलं होडीत! बायकांनी असा काही उद्धार केला की विचारू नका. आणि दुसऱ्या दिवशी नळालाच पाणी नाही. झालं! शिव्या घालणाऱ्याच बाया हंडे-कळशा घेऊन होडीपुढे रांगेत. त्यानंतर होडी रिकामी करू म्हटलं की कंबर कसून उभ्या, "हात लावून बघा!" पाण्यावर तरंगायची वस्तू, तिच्या पोटात आमचं पाणी. पाणी नीट यायला लागलं तेव्हा कुठे भावजींच्या हाती होडी परत आली.

खुणेच्या जागचे रिव्हेट ढिले झालेले. आतून एकाने लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, बाहेरून दुसऱ्याने हातोडी घालायची. ठोकळा धरायला आमचे हे. रविवारची सुट्टी, सांगितलेलं गिरणीतलं दळण तसंच, आणि हे होडीत आडवे! जेवायला हाक मारली तर ऐकूच येत नव्हतं, कानात नुसतं ठण् ठण्.

त्यात आम्ही बायकांनी भर घातली. म्हटलं, बिचारा एकटाच राबतो, आपण होडी घासून देऊ. धुण्याचा सोडा घेतला आणि घासली खसाखसा. पितळ घासायची सवय, जर्मनला सोडा चालत नाही हे त्या घाईत आठवतंय कुणाला? सकाळी बघते तर होडी तव्यासारखी काळीठिक्कर. भावजींनी कपाळाला हात लावला. मग ती उजळायला चिंच. चाळीतली सगळी चिंच त्या होडीच्या अंगाला लागली. त्या वर्षी आमच्या आमटीला चव नव्हती, पण होडीत तोंड दिसत होतं.

आणि इंजिन! मागे लावायचं असतं ते. गंजून दगड झालेलं. रॉकेलमध्ये भिजवून, खोलून, पुसून, परत जोडून भावजींनी ते पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि दोरी खेचली. खेचली, खेचली, आणि ते एकदम भडकलं. पिंपातलं पाणी उडालं थेट माझ्या पापडांवर. मी ओरडत बाहेर आले, तर हा माणूस चिंब भिजून हसतोय. संपानंतर पहिल्यांदा. मी पापड उचलले आणि आत गेले.

होडी तयार झाली ती शिमग्याच्या आठवड्यात. इथेच सगळा घोटाळा. आमची चाळ निम्मी कोकणातली. शिमग्याला गावी देवाची पालखी निघते, खांद्यावर घेऊन नाचवतात, दारोदार नेतात, बायका ओट्या भरतात. ज्यांना रजा मिळते ते गावी जातात. ज्यांना मिळत नाही ते इथे तोंड पाडून बसतात. त्या वर्षी तोंड पाडून बसलेले पुष्कळ होते.

रविवारी सकाळी होडी खाली न्यायची ठरली. गल्लीच्या तोंडाशी अंबादास टेम्पो घेऊन उभा. एवढीशी तर गल्ली उतरायची. पण ऊन पडलं, जर्मन तापलं, खांदे भाजायला लागले. म्हणून कुणीतरी जुनं लाल लुगडं आणून होडीवर घातलं. होडी पाण्यात घालायची तर पुढे नारळ हवा, म्हणून नाकावर नारळ बांधला. उतारावर पायात पाय अडकू नयेत म्हणून दोघांनी ढोल धरले. सगळं रीतसर, सगळं कामापुरतं. पण लाल लुगडं, नारळ, ढोल आणि खांद्यावर वजन! होडी उचलणारे दोन वळणं सरळ गेले. तिसऱ्या वळणावर त्यांचे पाय आपोआप नाचायला लागले.

"अरे सरळ चला!" भावजी ओरडले. कोण ऐकतंय! होडी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे. दारातनं बाया बाहेर आल्या. एकीने हळदकुंकू वाहिलं, दुसरीने खणानारळाने ओटी भरली. कुणीतरी विचारलं, कुठल्या देवीची हो? कुणी काही उत्तर दिलं असेल नसेल, तिने हात जोडले आणि पोराला होडीखालून काढलं. वाट लागली, मी मनात म्हटलं.

टेम्पोपाशी पोचलो तर अंबादास चपला काढून उभा. "मी नाही नेणार," म्हणाला. "काल कोंबड्या वाहिल्यात या गाडीतून. देवीला त्यात घालू? मला पोरंबाळं आहेत."

"अरे गाढवा, तूच आणलीस ना ही मरोळवरून!" मी म्हटलं.

"तेव्हा लुगडं नव्हतं," अंबादास म्हणाला.

मग काय, पालखी चालत निघाली. फाटक, एस. व्ही. रोड, आंबोली. चौकाचौकात ओट्या. ट्रॅफिकवाल्या हवालदाराने गाड्या थांबवून नमस्कार केला. भावजी मागून इंजिन छातीशी धरून चालत होते, रडवेले. रत्नप्रभा माझ्या शेजारी. त्या दिवशी तिने दुपारची खानावळ बंद ठेवली होती, पहिल्यांदा. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि वाटेत मला दोनदा विचारलं, "पदर बरा दिसतो ना गं?"

वर्सोव्याला खाडीच्या तोंडाशी पाणी संथ असतं. तिथे आमची मासेवाली मथुरा वाट बघत उभी होती, होडी लावायची जागा तिनेच मिळवून दिलेली. वाळूवर होडी उतरवली. आतमध्ये नारळ, खण, तांदूळ, फुलं. भावजींनी इंजिन मागे बसवलं, रत्नप्रभेचा हात धरला आणि पाय उचलला.

"अरे पाय! पाय!" सगळे ओरडले.

नाना पुढे आले. नाना म्हणजे चाळीतले सगळ्यांत म्हातारे, गावी देवळात गाऱ्हाणं घालणारे. "गुणाजी, देवीत पाय घालतोस?"

"नाना, होडी आहे ही! मी स्वतः हिचं बूड घासलंय!"

"घासलं असशील. तेव्हा होडी होती. आता ओट्या भरल्यात."

"मी बायकोला वचन दिलंय हो," भावजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. एवढ्या माणसांत. असा संताप आला त्या सगळ्यांचा!

नाना काही दुष्ट नव्हते. म्हणाले, कौल लावू. गावी देवाला विचारायचं तर पाण्याने दोन फुलं मूर्तीला चिकटवतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. नानांनी होडीच्या अंगाला फुलं लावली. चिंचेने घासलेलं ते जर्मन, आरशासारखं गुळगुळीत! नानांनी तोंड उघडायच्या आत दोन्ही फुलं सुळकन खाली. मग वाद. प्रश्नाआधी पडलेलं फूल धरायचं की नाही? आणि होडीची उजवी म्हणजे कुणाची उजवी, तिची की आपली? ढोलवालेसुद्धा भांडायला लागले. रत्नप्रभेने पदर खोचला. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. चला घरी. रात्रीची भाजी चिरायची आहे."

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

"नाना!" मी म्हटलं. "एवढ्या ओट्या भरल्यात, त्या कुणाच्या पदरात जाणार? देवीच्या नावाने सवाष्ण बसवतात की नाही पाटावर? तिचे पाय धुतात की नाही? मग बसवा सवाष्ण!"

नाना विचारात पडले. "ह्या बरोबर बोलताहत," म्हणाले. पुन्हा फुलं लावली. हात जोडले. "बा देवी म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुका खांद्यार घेवन दर्यावर इली हत. काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, आणि ही सवाष्ण तुझ्या जागेर बसव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

त्याच वेळी मथुरेची टोपली होडीला घासली. चांगली जोरात. उजवं फूल पडलं. मथुरा माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघत राहिली आणि मीही.

रत्नप्रभेचे पाय धुतले, कुंकू लावलं, तिला आत बसवलं. नवऱ्याने मात्र आत पाय घालायचा नाही, कौल फक्त सवाष्णीचा. इंजिन बाहेरूनच चालू कर आणि धरून चाल, असं ठरलं. भावजी पँटसकट पाण्यात उतरले, होडी लोटत कमरेएवढ्या पाण्यात नेली, आणि इंजिनाची दोरी हातात धरली. किनाऱ्यावर ढोल सुरू झाला. सगळे वाट बघत होते.

भावजींनी दोरी खेचलीच नाही. होडीत वाकून पाहिलं आणि एकदम मागे वळून आमच्याकडे हात केला, थांबा, थांबा. ढोल थांबेना, तेव्हा तोंडावर बोट ठेवलं. मी पाण्यात शिरून बघायला गेले. रत्नप्रभा नारळांच्या ढिगाला डोकं टेकून झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात होडीबाहेर, बोटं पाण्यात.

भावजी होडी हाताने लोटत निघाले. इकडून तिकडे, मग वळून तिकडून इकडे. पाणी छातीला लागलं की थोडे अलीकडे यायचे. ऊन तिच्या तोंडावर आलं तेव्हा त्यांनी ते लाल लुगडं ओढून वर धरलं, एका हाताने, आणि दुसऱ्या हाताने लोटत राहिले.

"भावजी," मी हळूच म्हटलं, "किती वेळ फिरवणार?"

"उठेपर्यंत," ते म्हणाले.

मी परत येऊन सगळ्यांना सांगितलं. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले, नानांनी टोपी काढली, आणि आम्ही सगळी वाळूत बसलो.