कॅबिनेटमधली शिट्टी

ग्लासगोच्या त्या फ्लॅटमध्ये माझा कॉम्प्युटर आणि नवऱ्याचा अभ्यास एकाच खोलीत नांदत होते, आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं.

नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. एका मोठ्या क्लिनिकल परीक्षेत तो आधी एकदा नापास झाला होता. त्या परीक्षेत परीक्षकांसमोर पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि काय ऐकू येतंय ते सांगायचं असतं. एका बाईंच्या हृदयाच्या झडपेतून येणारा बारीक आवाज त्याला ऐकूच आला नाही. "नर्व्हस झालो होतो," असं तो घरी येऊन म्हणाला, आणि मीही ते खरं मानलं. आता तो दुसऱ्यांदा बसणार होता. या वेळी जमलं नाही तर त्याचा करार वाढणार नव्हता, आणि त्या कराराच्याच खुंटीला आमचे दोघांचे व्हिसा टांगलेले होते. थोडक्यात, बॅगा भरायच्या की नाही ते त्या परीक्षेवर ठरणार होतं.

मी पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. इथे आल्यावर कागदोपत्री 'डिपेंडंट' झाले. तो शब्द मला अजूनही झोंबतो. जुन्या ऑफिसने ड्रॉइंगची थोडी कामं इकडे पाठवायचं कबूल केलं, तेव्हा मी सुटे भाग मागवून स्वतः मशीन जोडलं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. त्या काळातले प्रोसेसर तव्यासारखे तापायचे. कॅबिनेटबरोबर आलेले लहान पंखे त्यांना गार ठेवायला जीव तोडून फिरायचे आणि गिरणी चालू असल्यासारखी घरघर करायचे.

"तुझ्या मशीनमधून शिट्टी येते गं," एके दिवशी तो पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाला. "एकदम बारीक. डोक्यात जाते. काहीतरी कर ना प्लीज, कॉन्सन्ट्रेटच होत नाही."

घरघर म्हणाला असता तर मी निमूट मान्य केलं असतं. शिट्टी काही मला ऐकू येत नव्हती. पण बेअरिंग खराब असलं की असा आवाज येऊ शकतो, आणि दोष माझ्या मशीनमध्ये निघालेला मला खपण्यासारखा नव्हता. मी कंबर कसली.

शांत पंखा निवडणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. खोक्यांवर डेसिबलचे आकडे छापलेले असतात, पण ते लग्नाच्या बायोडेटाइतकेच विश्वासाचे. किती अंतरावरून मोजलं, कुठल्या खोलीत मोजलं, कोणी सांगत नाही. इंटरनेटवर माझ्यासारखे आवाजाने पछाडलेले बरेच लोक होते, त्यांचं वाचून एक गोष्ट पक्की कळली. लहान पंखा धावपळ करून जेवढी हवा ढकलतो, तेवढीच मोठा पंखा रमतगमत ढकलतो. म्हणून लहान पंखे काढले, तळहाताएवढे मोठे दोन आणले, आणि त्यांचा वेगही कमी केला. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या लावल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. मागची जाळी हवेला अडवते म्हणून ती पकडीने कापून टाकली आणि हात ओरबाडून घेतला. हवा नीट आत-बाहेर होते का ते पाहायला मी देवापुढची उदबत्ती उचलली. पुढून धूर आत ओढला जायचा आणि मागून बाहेर यायचा. नवरा ते बघून हसला. "कॉम्प्युटरची पूजा चाललीये का?" त्या हिवाळ्यात तो फार कमी हसत होता, म्हणून मला ते आठवतं.

प्रत्येक नव्या पंख्यानंतर मी विचारायची, "आता?" तो कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "फरक आहे. बराच फरक आहे." मला बरं वाटायचं. मग जेवताना, भातावर आमटी घेता घेता, खाली बघत म्हणायचा, "शिट्टी आहेच पण."

त्यातच दाराजवळच्या स्मोक अलार्मची बॅटरी उतरली आणि तो थोड्या थोड्या वेळाने बारीक, चिरक्या आवाजात टीक करून ओरडायला लागला. छत एवढं उंच की खुर्चीवर चढूनही हात पोचेना. शिडी मागायची तर खालच्या मजल्यावरचे आजोबा बाहेरगावी गेलेले.

"या अलार्मचा त्रास नाही होत तुला?" मी वैतागून विचारलं.

"कुठल्या?"

"मघापासून बोंबलतोय तो!"

"मला नाही आला ऐकू."

माझं डोकंच फिरलं. डोक्यावर ओरडणारा अलार्म याला ऐकू येत नाही, आणि खोलीच्या कोपऱ्यातला, हात लावल्याशिवाय फिरतोय हेही कळणार नाही असा माझा पंखा मात्र ऐकू येतो! "तुला मशीनचा प्रॉब्लेम नाहीये, माझ्या कामाचा आहे," मी म्हटलं. "मी नुसती पोळ्या लाटत बसले तर छान कॉन्सन्ट्रेट होईल."

"परीक्षा माझी आहे, आणि तू हे कुठे नेतेस?" तोही चिडला. मग आमचा अबोला. फ्लॅट इतका शांत झाला की मला माझ्या कामगिरीचं कौतुक वाटायला हवं होतं.

त्या रविवारी दुपारी मी पुन्हा कॅबिनेट उघडून बसले. तो माझ्याकडे पाठ करून टेबलाशी वाचत होता. भांडण मिटवायचं म्हणून मी काही न बोलता कामाला लागले. मशीन बंद केलं, प्लग काढून हातात घेतला, आणि पंखा सोडवणार तेवढ्यात तो मागे न बघता म्हणाला, "आज थोडी कमी आहे. पण येतेय."

"काय येतंय?"

"शिट्टी. आत्ताही येतेय बघ."

प्लग माझ्या हातात होता. दाराजवळचा अलार्म टीक करून ओरडला. तो आपला ओळीखाली पेन्सिल ओढत राहिला. तेव्हा मला एकदम कळलं, शिट्टी मशीनमध्ये नव्हतीच, त्याच्या कानात होती, आणि बाहेरचे बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हते. मी घाबरले. माझं मशीन निर्दोष ठरल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून कुठेतरी पंखा असू दे.

शेवटी मी त्याच्या पुस्तकावर प्लग ठेवला.

त्याने प्लग उचलून बघितला. "कधी काढलास?"

"मघाशीच."

त्याने दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले आणि परत काढले. डॉक्टर माणूस, त्याला समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. "मला वाटत होतं गं कधी कधी," तो म्हणाला. "पण पंखाच असू दे, असं म्हणत होतो. पंखा बदलता येतो."

मग त्याने उठून बॅगेतून स्टेथोस्कोप आणला. स्वेटर वर करून खुर्चीत बसले. फ्रिज गुरगुरत होता, जाऊन त्याचाही स्विच बंद केला आणि परत येऊन बसले. त्याने डोळे मिटले. ती गार चकती माझ्या छातीवर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत होती. खोलीतला प्रत्येक आवाज बंद करायचं काम मी इतके दिवस केलं होतं, आता त्या अलार्मखेरीज उरले होते ती मीच. मी श्वाससुद्धा रोखून धरला.

"येतंय ना नीट?" न राहवून मी विचारलं.

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसला.

"येतंय," तो म्हणाला. "बऱ्यापैकी येतंय."

प्रत्येक नव्या पंख्यानंतर "बराच फरक आहे" म्हणायचा, अगदी त्याच आवाजात.