बत्तीस हजारांच्या पुढचा शब्द

करंज्याच्या बंदरात कमळाकर कोळ्याने तीस वर्षं म्हावऱ्याचा लिलाव पुकारला. बोलला तो भाव. दलाली कापायची ती होडीवाल्याच्या पैशातनं; घेणाऱ्याने वर एक पैसा दिल्याचं त्या बंदरात कुणी ऐकलं नव्हतं. गुडघे गेले तसा तो पनवेलला लेकीकडे येऊन राहिला, पण जीभ काही म्हातारी झाली नाही.

नाण्यांचा नाद बंदरातलाच. गाळात सापडलेलं तांब्याचं काहीबाही कोळणी त्याला आणून द्यायच्या. मात्र आंग्र्यांच्या वेळचा चांदीचा अलिबागी रुपया काही त्याच्या हाती लागत नव्हता. सात वर्षं त्याने त्याच्यापायी पायताणं झिजवली.

गेल्या साली नाण्यांच्या लिलावात त्याने एक लॉट नऊ हजाराला मारला. खिशात मोजून नऊच. काउंटरवरची पोरगी म्हणाली, सव्वाअकरा. घेणाऱ्याची फी नि कर मिळून शेकडा पंचवीस वर. कमळाकर तिच्याशी भांडला, की कापायचं ते विकणाऱ्याचं काप, माझ्या बोकांडी कशाला? तिने छापील कागद पुढे सरकवला. मागच्या रांगेतले हसले. नाणी तिथेच राहिली आणि त्याचं नाव बोली लावणाऱ्यांच्या यादीतनं गेलं ते गेलंच.

यंदा अलिबागी रुपया पनवेलातच, एका हॉटेलच्या हॉलात लिलावाला आला. घड्याळं दुरुस्त करणारा झकेरिया त्याचा दोस्त. त्याने स्वतःच्या नावावर नंबर काढून दिला नि बजावलं, "कमळाकरदादा, खिशात चाळीस हाय ना? मग वरची फी धरून तोंडातनं बत्तीसच्या वर जायचं नाय. नाव माझं हाय."

तेव्हापासनं कमळाकर बत्तीस, बत्तीस घोकत होता. हॉलात बसला तर पाय नाचू लागला. पाय दाबून धरला तर बोटं चाळवू लागली. दोनदा पाणी प्याला, दोनदा मुतून आला. पुकारणारा त्याला मुळीच पटेना. मेल्याच्या बोलण्यात कस नाही, इतक्या वेळात आपण चार टोपल्या पापलेट विकलं असतं.

रुपया पंधरा हजाराला उघडला. बाकीचे बावीसपाशी गळाले. उरला एक चष्मेवाला, पुढच्या रांगेतला. कमळाकरने त्याची मान न्याहाळली आणि ताडलं, हा दमलाय, अजून एक-दोन बोलींत बसेल. तीस वर्षांत माणूस ओळखण्यात तो कधी चुकला नव्हता. चष्मेवाला एकतीस म्हणाला. याने साडेएकतीस केले. चष्मेवाल्याने मान खाजवली, बराच वेळ लावला नि पडेल आवाजात म्हणाला, बत्तीस.

आता एकच शब्द. साडेबत्तीस. तो कमळाकरच्या जिभेवर येऊन बसला, आणि उजवा हात त्याला न विचारता वर निघाला.

त्याने नंबराची पाटी शेजारी बसलेल्या झकेरियाच्या मांडीवर टाकली आणि तोंडावर पंजा दाबून, लंगडत, लोकांच्या पायांवर पाय देत दाराबाहेर पळाला. जिन्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. आत हातोडी पडली ती त्याने तिथनंच ऐकली.

थोड्या वेळाने झकेरिया बाहेर आला. बत्तीसलाच गेला म्हणाला. चष्मेवाला घाम पुसत होता, अजून एक बोली झाली असती तर सोडणारच होता.

कमळाकरने तोंडातल्या तोंडात हिशोब केला. साडेबत्तीसचे चाळीस हजार सव्वासहाशे.

"सव्वासहाशे तर माझ्या खिशात होते," झकेरिया म्हणाला. "मागायचे की."

कमळाकरने कठडा सोडला. मग म्हणाला, "बरा झाला मी भायेर आलो. आत असतो त तुजा खिसा पन बोलून बसलो असतो, नि तुज्या दुकानातली घड्यालां पन."

झकेरिया हसला. चल, चहा घेऊ म्हणाला. कमळाकर नाही म्हणाला. त्याला त्या चष्मेवाल्याला गाठायचं होतं; रुपया एकदा हातात घेऊन बघायला देतो का, तेवढं विचारायचं होतं. बघायचे तरी पैसे पडत नसतील, असं पुटपुटत तो पुन्हा दाराकडे लंगडत निघाला.