जांभळं की पांढरं

मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की चहा येण्याआधी कुंडीत बोट घालायच्या. तर्जनी, दुसऱ्या पेरापर्यंत. मग ते बोट नाकाशी नेऊन वास घ्यायच्या आणि घरच्या बाईला विचारायच्या, "आत काय चाललंय, काही कल्पना?" घरच्या बाईला बहुधा कल्पना नसायची. एकदा तर कुंडीतली फुलं प्लास्टिकची निघाली. त्यांनी बोट घातलंच, आणि खाली थर्माकोल आहे हेही सगळ्यांना सांगून टाकलं.

तारापूरच्या वसाहतीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत त्या प्रयोगशाळेत होत्या आणि मी स्टोअरमध्ये. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. कंपनीत मी त्यांना मॅडम म्हणायची, आणि पुढे आम्ही रविवारच्या रविवार बरोबर भटकायला लागलो तरी मॅडमच म्हणत राहिले. त्या मला 'अगं' म्हणत. तेवढ्यावर आमचं सगळं भागलं.

त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मंगळवेढ्याकडचं. नवरा इथल्या वीजकेंद्रात, म्हणून बोईसरला आलेल्या. आमच्याकडे मार्गशीर्षात पहाटे जरा गार वारा सुटला की माणसं कानटोप्या काढतात. मॅडम साधी शालसुद्धा न घेता हिंडायच्या आणि बसथांब्यावरच्या कानटोपीवाल्यांना विचारायच्या, "कुठे निघालात, काश्मीरला?" पण ही लुटुपुटूची थंडी त्यांना मनापासून आवडायची. हिच्यात पेरताही येतं आणि डोंगर चढताही येतो, असं त्या म्हणत.

दिवाळी झाली की क्वार्टरच्या मागच्या अंगणात मेथी, मुळा, गाजर, लसूण पडायचं. आणि त्यातलं काहीही कधी पूर्ण वाढायचं नाही. याला कीड कारण नव्हती, खाऱ्या वाऱ्याचाही दोष नव्हता. मॅडम ते उकरून बघायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, भाताचं झाकण सारखं उघडणारी. या त्यांच्याही पुढच्या होत्या. मुळा करंगळीएवढा झाला की उपटायचा, धुवायचा, उजेडात धरायचा आणि परत खुपसायचा.

"मॅडम, मुळा परत लागत नाही."

"कुणी सांगितलं? बघूया तरी."

दर वर्षी बघायचो. दर वर्षी तो सुकायचा.

प्रयोगशाळेत मात्र याच बाईचा दरारा होता. नमुना भट्टीत ठेवला की वेळ भरेपर्यंत कुणाची दाराला हात लावायची छाती नव्हती. साहेब एकदा घाईघाईत आले तर म्हणाल्या, "सर, उघडलंत तर पुन्हा पहिल्यापासून." मी एकदा त्यांना हा फरक कसा काय, असं विचारलं. "भट्टीत काय चाललंय ते मला माहीत असतं गं," त्या म्हणाल्या. "मातीतलं कुठे माहीत असतं?"

भटकंतीतही तेच. सफाळ्याजवळचा तांदुळवाडीचा गड चढताना पायवाट सरळ वर जात होती. मॅडमना डावीकडे कोरडा ओहोळ दिसला. "हा कुठून येतो?" एवढं म्हणून त्या त्यात उतरल्या, त्यांच्यामागे मी. दगडांवरून घसरत, करवंदीच्या जाळ्यांत ओढणी फाडून घेत आम्ही बरंच गेलो. तेव्हा समोरून डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई आली. तिनं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठं निंगाल्या?"

"गडावर."

"गड मागं ऱ्हायला. इथून आमच्या पाड्यावर जाल."

"मग पाडाच बघू," मॅडम म्हणाल्या. तिच्या घरामागे वालाचा मांडव होता, तो बघितला, मांडवाखालच्या मातीत बोट घातलं आणि चहा पिऊन परत आलो. गड त्या वर्षी राहिलाच. मी चिडले होते, ओढणी चांगली होती.

त्याच थंडीत आम्ही आमच्या इकडच्याच माहीम गावी एका वाडीत गेलो. वाडीच्या मालकीण काकी आमच्या कंपनीतल्या एका मुलीच्या सासू. केळी, नारळ, विड्याच्या पानांचे वेल, आणि कोपऱ्यात नुकत्याच काढलेल्या कोनफळांचा ढीग. कोनफळ म्हणजे ओबडधोबड, मातकट कंद. आतून जांभळा निघतो, नाहीतर पांढरा. मॅडमनी मुठीएवढं एक उचललं.

"हे आतून कसलं?"

"काय ठावं," काकी म्हणाल्या. "दोनी एकत्रच टाकलेत. कापल्यावर कळंल."

मॅडमचा अंगठा सालीवर गेला. आयुष्यभर रंगांच्या छटा जुळवलेली बाई, तिला कसं राहवणार?

"नख काढा, नख!" काकी ओरडल्या. "न्यायचं तर अख्खं न्या. उन्हाळा सरता सरता लावा आणि वेल सुकला की काढा. मधी उकरायचं नाय. जमल काय?"

"जमेल."

"माजा नाय विश्वास," काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी मॅडमची बाजू घेतली नाही.

"बरं, ऐका. बिननखाचं काढून आणलंत, तर आमच्या उकडहंडीत पयलं तुमचं कोनफळ."

उकडहंडी म्हणजे इकडची थंडीतली मोठी चैन. मडक्यात कोनफळ, रताळी, वांगी, वालाच्या शेंगा आणि ओला मसाला भरायचा, पानानं तोंड बांधायचं आणि विस्तवावर आपल्या वाफेत शिजू द्यायचं. आणि ती शिजेपर्यंत कुणी उघडायची नाही.

मॅडमनी ही गोष्ट इतकी मनावर का घेतली ते मला नंतर कळलं. त्यांचे यजमान दिवाळीच्या सुमारास निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, नोकरी सोडायची, मंगळवेढ्याकडे बांधलेल्या घरी जायचं. "अर्धं आयुष्य इथे गेलं," एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या, "आणि इथल्या मातीतून माझ्या हातचं पुरतं वाढलेलं काही निघालं नाही. एक तरी निघू दे."

ड्रम मी आणला, बोईसरच्या बाजारातून, पाण्याचा. कंपनीचे रिकामे ड्रम फुकट मिळाले असते, पण त्यात खायचं लावायला मी वेडी नाही. मॅडमच्या क्वार्टरमागे त्यात कोनफळ लावलं. पावसात वेल उठला आणि बांबू ओलांडून खिडकीच्या जाळीवर गेला. मॅडम रोज सकाळी कंपनीत आल्या की पंचिंगच्या आधी मला विचारायच्या, "काय वाटतं, जांभळं की पांढरं?"

"मॅडम, मी काय त्याच्या आत राहते?"

"देठाला लाली आहे गं."

मी काकींना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, लालीवर जाऊ नका, वेल फसवतो. मॅडमनी मग ड्रमवर तारेची जाळी बसवली, स्वतःपासून जपायला. किल्लीवालं कुलूप लावायचं तेवढं मी थांबवलं.

नवरात्रानंतर कधीतरी हा रोजचा प्रश्न बंद झाला. मला वाटलं, आवराआवरीत विसरल्या असतील. मलाही सुटल्यासारखं झालं.

सामान जायची वेळ आली तेव्हा वेल अजून हिरवागार. मी म्हटलं, "काढा आणि घेऊन जा. भाजी करा."

"कच्चं निघेल. आणि ट्रकमध्ये इतक्या लांब टिकणार नाही." मग जरा वेळानं, "तुझ्याकडे ठेव. पुरं होऊ दे. काढलंस की काकींकडे ने आणि मला सांग, जांभळं की पांढरं."

कुंभवलीच्या रस्त्यावर माझं घर. टेम्पोत ड्रम मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना वेल धरून बसलेल्या. टेम्पोवाल्यानं आरशातून बघत विचारलं, "मॅडम, इसमें है क्या?"

"पता नहीं," मॅडम म्हणाल्या. "वही तो देखना है." आणि रस्त्यावरच्या कंपन्यांच्या चिमण्या बघायला लागल्या.

त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

थंडी पडली, पानं पिवळी झाली, वेल सुतळीसारखा वाळला. एका रविवारी मी ड्रम आडवा केला. मातीतून पायलीएवढं कोनफळ निघालं, आत जाऊन वाकडंतिकडं झालेलं, पण अख्खं. मला बरं वाटलं, एवढं कबूल करते. पिशवीत घालून माहीमला नेलं.

काकींनी ते बादलीत धुतलं, फिरवून पाहिलं आणि एका जागी थांबल्या. बाजूला, मधोमध, बोटाच्या पेराएवढी खूण होती. कधीतरी साल खरवडलेली, आतपर्यंत गेलेली, आणि त्यावर नवी जाड साल धरलेली.

"हात लागलाय याला."

"उंदीर असेल," मी म्हटलं.

काकींनी खुणेवर आपला अंगठा ठेवला. बरोब्बर बसला. "उंदराला अंगठा असतो काय, बाय?"

नवरात्रानंतरचा बंद पडलेला प्रश्न मला आठवत होता, आणि टेम्पोतून चिमण्या बघणारा चेहरा. काकी खूण निरखत राहिल्या. मग पाटावर ठेवून त्यांनी सुरी घातली. गर्द जांभळं होतं, सालीपासून गाभ्यापर्यंत.

"उंदीर तर उंदीर," काकी म्हणाल्या आणि सगळ्यात पहिले त्याचेच तुकडे हंडीत टाकले.

हंडी विस्तवावरून उतरवली तेव्हा मी फोन लावला.

"मॅडम, काढलं."

"हो का! काय निघालं?"

"जांभळं."

"काय सांगतेस!" त्या म्हणाल्या. त्यांना नवल वाटल्याचं सोंग येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

"एका बाजूनं उंदरानं खरवडलं होतं," मी म्हटलं.

मग हळूच, "फार खोल नव्हतं ना?"

"नाही. भरून आलं होतं."

"काकींना कळलं?"

"लगेच."

मग मंगळवेढ्याहून जे हसू आलं ते माझ्या शेजारी हंडीचं पान सोडणाऱ्या काकींनाही ऐकू गेलं. "त्या उंदराला सांगा," काकी म्हणाल्या, "हंडी उघडतंय. वास घे म्हणावं."

फोनमधून वास जात नाही हे मला कळतं. तरी मी तो हंडीच्या तोंडाशी धरला.