टोपलीवरचा सदरा

रत्नागिरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये भर जुलैतही कपडे मशीनमधून जवळजवळ कोरडेच बाहेर येतात. मी ते सवयीने नाकाशी धरतो. नुसता साबणाचा वास येतो आणि उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

शाळेच्या भूगोलात जलचक्राचं चित्र होतं. समुद्रातून एक बाण वर जायचा, त्याचा ढग व्हायचा आणि पाऊस होऊन खाली यायचा. पाण्याची वाफ होऊन वर जाते हे मला मे महिन्यात पटायचं, जुलैत अजिबात नाही. गुरुजी सांगायचे, हवेत बाष्प मावेनासं झालं की ती आणखी घेत नाही. आमच्या गावची हवा जूनमध्ये जी भरायची ती गणपतीपर्यंत भरलेलीच. पडवीत टांगलेले कपडे आठवडाभर ओले राहायचे आणि कुबट वास धरायचे. शेवटी आई चुलीतले निखारे बाहेर ओढायची, त्यांच्यावर बांबूची मोठी टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर कपडे पसरायची. मग त्यांतून वाफ निघायची, थेट कौलांपर्यंत जायची आणि गार कौलांना लागून काजळीसकट थेंब होऊन नेमकी माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर परत यायची. आमचं जलचक्र असं घरातल्या घरात पुरं व्हायचं.

आईला त्या धुराच्या वासाची लाज वाटायची. आमच्या कपड्यांचं तिला काही नव्हतं, वडिलांच्या कपड्यांचं होतं. वडील मुंबईत कारखान्यात कामाला. गणपतीला यायचे आणि विसर्जन झालं की एस.टी.ने परत जायचे. त्या दिवशी सकाळपासून आईचा जीव टांगणीला लागलेला असायचा. बॅगेत ओला कपडा गेला तर मुंबईपर्यंत त्याची वाट लागणार, म्हणून एकेक सदरा ती टोपलीवर उलटासुलटा करून वाळवायची. घडी घालताना हुंगायची आणि तोंड बारीक करायची.

"धुराचा वास येतोय वो. तिकडं लोक हसत असतील तुमाला. गेल्या गेल्या धुवून टाका."

"बघू," वडील म्हणायचे. दरवर्षी एवढंच.

बारावीनंतर मीही नोकरीसाठी मुंबईला गेलो आणि वडिलांच्याच खोलीवर राहिलो. गणपतीहून परतल्यावर एका रविवारी मी सगळे कपडे धुवायला काढले. खिळ्याला एक सदरा होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून अडकवलेला. तो बादलीत टाकणार एवढ्यात वडिलांनी माझ्या हातातून घेतला.

"त्यो ऱ्हाऊ दे. वास दिवाळीपर्यंत टिकतो."

त्यांनी पिशवीचं तोंड परत बांधलं आणि ती खिळ्याला लावली. मला एकदम घर आठवलं. इतकी वर्षं हा माणूस इथे किती एकटा होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी दुसरेच कपडे घासत बसलो.

हे मी आईला फोनवर सांगितलं. "कायतरीच सांगतोस," असं म्हणून ती हसली आणि भातकापणीचं बोलायला लागली.

पुढच्या वर्षी गणपतीला आम्ही दोघं गावी आलो, आणि निघायच्या दिवशी नवल झालं. पावसाने उघडीप दिली आणि अंगणात कडक ऊन पडलं. दोरीवरचे सगळे कपडे दुपारच्या आत कडकडीत वाळले. मी खूश होऊन बॅग भरायला बसलो, तर वडिलांचा एक सदरा कमी. शोधत शोधत चुलीपाशी गेलो. आईने निखारे ओढून टोपली पालथी घातली होती आणि तो सदरा तिच्यावर पसरून शेजारी बसली होती.

"आये, वाळलाय ना तो?"

"वाईच दमट वाटला," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने सदरा उलटा केला.