झाडाखालची पॅनल

कचेरीत त्यांना सगळे फीतकाका म्हणत. नगरपालिकेच्या स्वच्छ ऊर्जा विभागात ते मुख्य कारकून, पण खरं काम एकच: वरून अनुदान आलं की उद्घाटन उरकायचं. सरकारचा नियमच तसा होता. उद्घाटनाचा फोटो पोचल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नसे. त्यामुळे विभागात फोटो आधी होई, योजना मागाहून जमेल तशी. काकांच्या पिशवीत लाल फीत आणि धार लावलेली कात्री कायम असे. या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं ते स्वतःच सांगत.

त्यांची थोरली बहीण सरकारी प्रसूतिगृहात मुख्य नर्स होती. तिथे रोज संध्याकाळी वीज जाई. ताईने भावामागे टुमणंच लावलं होतं. "सगळ्या गावाला सूर्य वाटतोस, आम्हालाच काय ग्रहण लागलंय?"

शेवटी अनुदान आलं, सौर पॅनल आली, बॅटरी आली. घोडं अडलं ते प्रमुख पाहुण्यांच्या गुडघ्यांपाशी. त्यांना गच्ची चढवेना. काकांनी डोकं लढवलं आणि पॅनल अंगणातच उभी केली. पण अंगणात ऊन मी म्हणत होतं. पाहुण्यांना घेरी आली तर काय घ्या? म्हणून पॅनल, फीत, खुर्च्या असा सगळा संसार मोठ्या झाडाच्या गर्द सावलीत हलवला. फोटो झकास आला.

बॅटरी मात्र दिवसभर कवडशांवर जगून संध्याकाळी मान टाकू लागली.

"गच्चीवर ने रे ती," ताई म्हणाली.

"आता कशी नेणार? फोटोत ती झाडाखाली आहेत. हलवली तर फोटो खोटा ठरेल, हप्ता बोंबलेल."

"मग फांद्या तरी छाट."

"ताई, ते झाडही आमच्याच विभागाचं आहे. गेल्या वर्षी त्यालाही फीत बांधली होती, त्याचाही फोटो वर गेलाय."

ताईने कपाळाला हात लावला.

पुढे काकांच्या लेकीचे दिवस भरले. आत्याच्या हातूनच बाळंत व्हायचं, असा तिचा हट्ट. कळा वाढल्या आणि नेमकी वीज गेली. बॅटरीवरचा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. ताई व्हरांड्यात आली.

"आत ये. मोबाइलचा उजेड धरायला माणूस हवंय."

"मी? बायकांच्या खोलीत?"

"मध्ये पडदा आहे. तोंड भिंतीकडे कर आणि हात पडद्यावरून आत घाल. ती पिशवी बाहेर ठेव."

काका भिंतीला नाक लावून उभे राहिले. पलीकडे लेक ओरडत होती. प्रत्येक ओरडण्यासरशी ते दचकत आणि उजेड भलतीकडेच जाई.

"उजेड हलवू नकोस," ताई म्हणाली. "मला फोटो काढायचा नाहीये."

आपण आजवर काय करत आलो, ते काकांना त्या अंधाऱ्या भिंतीसमोर लख्ख दिसलं आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

मूल रडलं. मग नाळेवर कात्री वाजली. हा आवाज ते झोपेतही ओळखत. इथे पाहुणा नव्हता, भाषण नव्हतं, आणि कापायच्या आधी काम झालेलं होतं.

"ताई, उद्याच पॅनल वर चढवतो. हप्ता गेला तर जाऊ दे."

"उद्याचं उद्या बघू," ताई म्हणाली. "आत्ता हात खाली घेऊ नकोस. वार पडायची आहे अजून."