एका घागरीतली हळद

वडिवक्काच्या कपाळावर डावीकडे खोक होती. पितळी घागरीची. तरुणपणी एका दुष्काळात नळावर बायकांची जुंपली, कुणाची घागर कुणाच्या डोक्यात बसली ते कळलंच नाही. रक्त गळत होतं तरी हिनं आधी स्वतःची घागर सरळ केली, मग कपाळाला हात लावला. तेव्हापासून तिचं एकच होतं, पाण्यावरून या गल्लीत पुन्हा डोकं फुटायचं नाही.

चेन्नईत पुळियंतोपच्या त्या गल्लीत नळाला पाणी नाहीच. कोपऱ्यावर काळी टाकी आहे, लॉरी येऊन भरून जाते. आली तर. त्या उन्हाळ्यात तर तळीच आटली आणि लॉरी कधी येईल ते लॉरीवाल्यालाही माहीत नसायचं. मग वडिवक्का न विचारता कुणाच्याही घरात शिरायची.

"अगं, तांदूळ धुतलेलं पाणी कुठं ओतलंस? मोरीत? मग भांडी कशात घासणार, नवऱ्याच्या घामात?"

तांदळाच्या धुवणात भांडी, भांड्यांचं पाणी संडासात. दात घासायला एक पेला, दुसरा मागायचा नाही. एवढं सगळं बायकांनी ऐकलं. पण एक गोष्ट सगळ्यांना टोचली. सकाळी दारात सडा टाकून कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायचा, हे तिकडं तोंड धुण्याइतकंच ठरलेलं. वडिवक्कानं सडाच बंद करायला लावला. कोरड्या जमिनीवर पीठ टिकेना, वाऱ्यानं उडून जायचं. आणि बिनकोलमाचं दार म्हणजे घरात मयत झालेलं.

समोरची सेंदामरै तोंडाची फाटकी. ती रोज ऐकवायची, "अक्का, सगळ्या गल्लीला सुतक लावलंस बघ तू."

"सुतक परवडलं गं. डोकं फुटलेलं नको."

अशात नातीचं, पूंगोडीचं लग्न निघालं. मुहूर्त काय लॉरीला विचारून निघतो? आदल्या सकाळी नवरीला हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, मामी आणि आत्या मिळून सात जणी, एकेकीनं घागर घागर ओतायची. आणि तो मान मामाकडचा. मामा रुसला तर नवरी मांडवात उभी राहत नाही.

वडिवक्का कितीतरी दिवस अंघोळ सोडून ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. स्वतःच्या वाट्याचं तांब्या तांब्या पाणी खाटेखाली घागरीत साठवत होती. सुनेला, अरसीला, तिनं सांगितलंच नव्हतं.

सकाळी ढोल वाजला. अरक्कोणमहून अरसीचा भाऊ मुनुसामी आला. मागं बायकांची रांग, हातात ताटं. पट्टूची रेशमी साडी, केळी, नारळ, बांगड्या. मांडवात पाट मांडला होता आणि शेजारी एक घागर. हळद कालवलेली, कडुलिंबाचा पाला घातलेली.

"बाकीच्या कुठायत?" मुनुसामीनं विचारलं.

"एवढीच आहे," वडिवक्का म्हणाली.

"माझ्या बहिणीची एकुलती एक पोर. आणि एक घागर? आमच्याकडं म्हशीला जास्त लागतं." तो मागं वळून ओरडला, "जा रे, कोपऱ्यावर टाकी आहे, भरून आणा."

त्याची दोन माणसं रिकाम्या घागरी घेऊन निघाली. गल्लीला वास लागायला किती वेळ? सेंदामरै आधी बाहेर आली, मग दुसरी, तिसरी. सगळ्यांच्या कमरेवर घागरी. टाकीत तळाशी उरलेलं पाणी गल्लीला पुढची लॉरी येईपर्यंत पुरवायचं होतं.

"आम्ही धुवणात भांडी घासायची," सेंदामरै टाकीच्या तोटीवर हात ठेवून ओरडली, "आणि हिच्या नातीनं डोक्यावरून घागरी ओतून घ्यायच्या? हात तर लावून बघा!"

मुनुसामीच्या माणसानं तिचा हात बाजूला केला. तिनं घागर उचलली. प्लास्टिकचीच, पण उचलली.

वडिवक्का धावली. त्या वयात तिला कुणी धावताना बघितलं नव्हतं. ती मध्ये घुसली आणि पाठ तोटीला लावून उभी राहिली. तोंड सेंदामरैकडं नाही, मुनुसामीकडं.

"इथला एक थेंब निघणार नाही."

"अत्तै!" अरसी सासूपुढं रडायलाच लागली. "माझ्या माहेरचा अपमान करू नका हो. दादा ताटं उचलून निघाला तर मुलाकडच्यांना काय सांगू?"

"निघतोच मी," मुनुसामी म्हणाला. "उचला गं ताटं."

ढोलवाला थांबला. एका मामीनं खरंच ताट उचललं. नवरीची पिवळी साडी नेसलेली पूंगोडी मांडवाच्या खांबाला धरून उभी, आजीकडं बघत होती. वडिवक्काची नजर मांडवाच्या कडेला गेली. आचाऱ्यानं बिर्याणीसाठी भाड्यानं आणलेलं एक रुंद पातेलं तिथं रिकामं पडलं होतं.

"ते पाटाच्या जागी ठेवा," ती म्हणाली. "पोरीला त्यात बसवा."

"शिजवायचीय का न्हाऊ घालायचीय?" सेंदामरैच्या तोंडून निघून गेलं. कुणीतरी फिसकन हसलं. मुनुसामी हसला नाही.

"मामीनं पहिली घागर ओतायची," वडिवक्का म्हणाली. "पाणी खाली पातेल्यात साचेल. तेच भरून दुसरीनं ओतायचं, मग तिसरीनं. सातही घागरी होतील."

"अंगावरचं उतरलेलं पाणी परत?"

"तिच्याच अंगावरचं ना रे मुनुसामी? आणि हळद काय पहिल्याच घागरीत संपते?"

त्याच्या बायकोनंच ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि घागर उचलली. पूंगोडी पाय दुमडून पातेल्यात बसली. घागर ओतली, भरली, ओतली. शेवटच्या आत्यापर्यंत पाणी बरंच कमी झालं होतं, पण पिवळंच होतं.

मुनुसामीनं ताटं ठेवली. जेवला मात्र नाही. पुढंही वडिवक्काच्या हातचं तो कधी जेवला नाही, आणि तिनं त्याबद्दल अरसीजवळ कधी तोंड उघडलं नाही.

पातेल्यातल्या पाण्याचं काय करायचं हे कुणी विचारायच्या आत सेंदामरै तांब्या घेऊन आली. "लग्नाचं हळदीचं पाणी मोरीत नको, अक्का." तिनं ते आपल्या दारात शिंपडलं. मग बाकीच्या आल्या. कितीतरी दिवसांनी गल्लीत ओल्या जमिनीवर कोलम उठले, सगळ्यांच्या दारात, थोडे पिवळट.

परवा वडिवक्का गेली. टाकी काठोकाठ भरलेली होती, आदल्याच दिवशी लॉरी येऊन गेली होती. कोलम फक्त तिच्या दारात नसायला हवा होता. पण सकाळी तिला खाली घेतलं तेव्हा सेंदामरैचं दार कोरडं. तिच्या पलीकडचं कोरडं. कोपऱ्यापर्यंत कुणीच सडा टाकला नव्हता.